बाद फेरीचे तिकीट

विश्वचषकाच्या बाद फेरीचे तिकीट आगाऊ काढले, तर कोणाचा सामना पाहायला चाललो आहोत हे ठाऊक नसते. आमच्याकडच्या तिकिटाचा अर्थ एवढाच होता : एफ गटातला पहिला विरुद्ध ई गटातला दुसरा, ६ डिसेंबर २०२२, संध्याकाळी ६ वाजता, एज्युकेशन सिटी स्टेडियम, कतार. एफ गटात बेल्जियम आणि क्रोएशिया होते, ई गटात स्पेन आणि जर्मनी. युरोपातले दोन मोठे संघ बघायला मिळणार, असा सगळ्यांचाच हिशेब होता.

गटाचे सामने झाले आणि हिशेब पार उलटला. मोरोक्कोने क्रोएशियाला शून्यावर रोखले, बेल्जियमला २-० आणि कॅनडाला २-१ असे हरवले आणि ७ गुणांनी गटात पहिला आला. तिकडे ई गटात जपान पहिला, स्पेन दुसरा आणि जर्मनी थेट घरी! आमच्या तिकिटावर अखेर नावे उमटली : मोरोक्को विरुद्ध स्पेन.

तिकीट धाकट्या भावाने काढून ठेवले होते. तो कित्येक वर्षे दोह्यात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. तिथल्या रहिवाशांसाठी या फेरीचे सर्वात स्वस्त तिकीट ७० रियालला होते. बाहेरून येणाऱ्यांना मात्र किमान ३५० रियाल, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे आठ हजार रुपये. त्यावर विमानाचे भाडे वेगळे. "एवढे पैसे बॉलमागे पळणारी माणसं बघायला?" असे अम्मींनी विचारले. प्रश्न रास्त होता. इसराफ म्हणजे उधळपट्टी, हे आम्हीच वर्गात शिकवतो. अम्मींना आम्ही म्हटले, "मॅच निमित्त आहे, अम्मी. त्याला भेटून येतो." मग त्यांनीच लोणच्याची बरणी आणि सुक्या बोंबलाची पुडी बांधून दिली.

चार दिवसांची किरकोळ रजा मंजूर झाली. त्या दिवसांत कतारला जाण्यासाठी 'हय्या' कार्ड लागत असे. अजानमधला हा शब्द आपण रोज ऐकतो. हय्या, म्हणजे या, चला. त्याच कार्डावर देशात प्रवेश आणि त्याच कार्डावर मेट्रोही फुकट. गावच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आम्हाला त्यांच्याकडे उतरवून घेतले, कारण भावाच्या खोलीवर पाहुणा राहू शकत नाही.

ती खोली आम्ही सामन्याच्या आदल्या रात्री पाहिली. एकावर एक असे सहा पलंग, प्रत्येकाच्या उशाशी चार्जर आणि मुलांचे फोटो. भिंतीला लावलेल्या पाळीच्या कागदावर कोणी कधी स्वयंपाक करायचा ते लिहिलेले. एक नेपाळी, एक केरळचा, दोन बांगलादेशी, एक बिहारचा आणि आमचा भाऊ. लोणच्याची बरणी उघडली तशी सहाही माणसे ताट घेऊन बसली.

सामन्याच्या दिवशी मेट्रोत मोरोक्कोचे लाल झेंडे आणि ढोल. दोह्यात डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे मगरिब वेळेवर अदा करून आत जाता आले. नमाजसाठी तिथे वेगळी जागा होती. स्टेडियमच्या आवारात सामान्य प्रेक्षकांना दारू विकायची नाही, हे स्पर्धेच्या दोन दिवस आधी ठरले होते. त्यावरून जगभर पुष्कळ टीका झाली. आमच्या आजूबाजूला मात्र आज्या होत्या, तान्ही मुले होती, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या कॉलेजच्या मुली होत्या. एक स्पॅनिश जोडपे आपल्या लहान मुलाला घेऊन आमच्या पुढच्याच रांगेत बसले होते.

टीव्हीवर जे कळत नाही ते तिथे कळले. स्पेनच्या पायात चेंडू आला की हजारो माणसे एकदम शिट्ट्या मारत. कान बधिर होत. मोरोक्कोकडे चेंडू आला की एकच गजर, "सीर! सीर! सीर!" त्यांच्या बोलीत सीर म्हणजे चल, पुढे जा. आमच्या कानांना ते "सर! सर!" असेच वाटे. वीस वर्षे ही हाक ऐकतो आहोत, पण चाळीस हजार मुले एकदम हात वर करून बोलावताहेत असे प्रथमच वाटले.

स्पेनने हजाराहून अधिक पास दिले, पण गोल होईना. नव्वद मिनिटे झाली, वरची तीस झाली, तरी शून्य-शून्य. स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी पूर्वीच जाहीर सांगितले होते की, खेळाडूंना हजार पेनल्टी मारून येण्याचा गृहपाठ दिला आहे. तो गृहपाठ तपासायची वेळ आली. साराबियाला मुद्दाम शेवटच्या मिनिटांत आत पाठवले होते, त्याचा चेंडू खांबाला लागला. सोलेर आणि बुस्केट्स यांचे चेंडू यासीन बोनोने अडवले. तीनपैकी एकही आत गेला नाही. मोरोक्कोकडून साबिरी आणि झियेश यांनी गोल केले, बेनूनचा चेंडू अडला आणि चौथा आला अशरफ हकीमी. त्याने जोरात मारलाच नाही. गोलरक्षक बाजूला झेपावला आणि चेंडू मधोमध अलगद आत गेला. ३-०.

मोरोक्कोचे खेळाडू प्रेक्षकांसमोर सजद्यात गेले. पुढच्या रांगेतला स्पॅनिश मुलगा हुंदके देत होता. शेजारच्या मोरोक्कन आजोबांनी जल्लोष थांबवला, खिशातून खजूर काढून त्याच्या हातावर ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला. बाद फेरीत एका बाजूला रडणे ठरलेलेच असते. जिंकणाऱ्याने काय करायचे, हे मात्र ठरलेले नसते.

हकीमीचा जन्म स्पेनच्या राजधानीतला, माद्रिदचा. आई लोकांच्या घरी साफसफाई करायची आणि वडील रस्त्यावर माल विकायचे, हे त्याने स्वतः सांगितले आहे. झियेश नेदरलँड्सचा, बोनो कॅनडात जन्मलेला. २६ जणांच्या संघातले १४ खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मले होते. पोटासाठी परमुलखात गेलेल्यांची ही मुले आईबापांच्या देशासाठी खेळत होती. बेल्जियमवरच्या विजयानंतर हकीमी प्रेक्षकांत आईकडे धावला, तो फोटो जगाने पाहिला. खेळाडूंच्या आईवडिलांना संघासोबत कतारला आणावे, हा आग्रह प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांचा होता.

परतताना गर्दीत भाऊ म्हणाला, "भाईजान, हे स्टेडियम बांधत होते तेव्हापासून इथून जातोय. आत आज पहिल्यांदा गेलो." मग थोडे थांबून म्हणाला, "याच्या आईला आणलं त्यांनी. बरं केलं."

आम्ही काही बोललो नाही. ही स्टेडियमे उभी करणारे हात बहुतांश आपल्याच उपखंडातले. त्या कामांत आणि त्या काळात किती मजूर गेले यावर वाद आहे, पण कामगारांच्या मृत्यूंचा आकडा शेकड्यांत असल्याचे आयोजन समितीच्या महासचिवांनीच स्पर्धा चालू असताना मुलाखतीत सांगितले होते. कमी पगाराच्या माणसाला तिथे कुटुंब नेता येत नाही. त्याच्या आईसाठी कोणी विमानाचे तिकीट पाठवत नाही.

पुढे मोरोक्कोने पोर्तुगालला १-० ने हरवले आणि उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला, अरब जगातलाही पहिला संघ ठरला. फ्रान्सने त्यांना २-० ने थोपवले. तोवर आम्ही शाळेत परतलो होतो आणि सामने घरी, मुलांसोबत पाहिले. संघ मायदेशी गेला तेव्हा राजे मोहम्मद सहावे यांनी खेळाडूंचा सत्कार त्यांच्या आयांसह केला.

वर्गातल्या मुलांनी विचारले, "सर, तुम्ही मोरोक्कोच्या बाजूने का?" आम्ही सांगितले, "दुबळा समजलेला संघ चांगला खेळला की मन त्याच्याकडे जातेच. तुम्ही जपानसाठी टाळ्या वाजवल्याच होत्या ना?" मुलांना पटले.

अम्मींनी मात्र स्कोअर विचारला नाही. "खोली कशी आहे त्याची? अंथरूण जाड आहे का? जेवतो कधी?" या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडे प्रथमच होती.

आपल्या रत्नागिरी-रायगडच्या किती घरांत कोणीतरी आखातात आहे! त्याचा पगार, त्याने पाठवलेले घड्याळ, त्याच्या पैशांतून झालेला स्लॅब, हे सारे घरी ठाऊक असते. तो कोणत्या पलंगावर निजतो, हे ठाऊक नसते. प्रत्येकाला विमानाने जाणे परवडणार नाही आणि विश्वचषकही रोज येत नाही. पण या जुम्याला त्याचा फोन आला, तर पैशांचा विषय थोडा मागे ठेवा. खोलीत किती जण आहेत, आज स्वयंपाकाची पाळी कोणाची, खिडकीतून काय दिसते, हे विचारा. लेकरांनाही विचारू द्या. तो आधी हसेल, "हे काय विचारता" म्हणेल. मग बराच वेळ बोलत राहील.