कलगी-तुऱ्याच्या मुलखात रॅपचे वावडे का?

रॅप म्हटले की आपल्यातील काही वडीलधाऱ्यांना अमेरिकेतील दोन खून आठवतात. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील गायकांत वैर पेटले. १९९६ मध्ये टुपाक शकूर व १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. गोळीबारात बळी पडले. सबब हे गाणे चर्चच्या आवारात नको, असा निवाडा दिला जातो. तो आम्हांस मान्य नाही.

'पूर्व विरुद्ध पश्चिम' ही हाकाटी तेथील मासिकांनी पिटली आणि तिच्यावर व्यापार झाला. त्याचे खापर काव्याच्या झुंजीवर फोडणे गडहिंग्लजकरांना तरी शोभत नाही. कलगीवाला शक्तीला थोर मानणार, तुरेवाला शिवाला. एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे पद्यातच उकलायचे. सीमेपलीकडे कानडीत हीच झुंज हरदेशी-नागेशी म्हणून रंगते, घाट उतरला की कोकणात शक्ती-तुरा म्हणून. शब्द झोंबतात, क्वचित असभ्यही होतात (आम्ही सोवळेपणाचा आव आणत नाही). पण हार-जीत ठरते ती उत्तरावर.

फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणासाठी ओवी स्वीकारली; परक्यांची म्हणून दूर लोटली नाही. आज रॅपमध्ये नाव कमावलेला, अंधेरीत वाढलेला डिव्हाइन, म्हणजे व्हिव्हियन फर्नांडिस, ख्रिस्ती घरातलाच आहे. आपल्या मुलांना मात्र आपण फाटकाबाहेर उभे करतो!

येत्या सणाच्या रात्री दोन फळ्या उभ्या कराव्यात. एकीने मराठीत विचारावे, दुसरीने कानडीत उत्तरावे. आईबापांची निंदा व जातीचा उल्लेख वर्ज्य, एवढी अट घालावी आणि परीक्षक म्हणून फादरांना बसवावे.