इंग्रजी उतारा आणि चिनी उतरंड

जून महिन्याच्या ७ आणि ८ या तारखांना चीनमधील शहरांचा आवाज खाली येतो. परीक्षा केंद्रांच्या आसपासची बांधकामे थांबवली जातात, वाहनांचे भोंगे बंद होतात आणि पोलीस वाट चुकलेल्या परीक्षार्थींना केंद्रावर पोहोचवतात. महाविद्यालयीन प्रवेशाची ‘गाओकाओ’ ही परीक्षा या दिवसांत सुरू होते. २०२५ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. एकूण गुण ७५०. त्यांपैकी चिनी भाषा, गणित आणि परकीय भाषा यांना प्रत्येकी १५०. परकीय भाषेसाठी रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश असे पर्याय उपलब्ध असले, तरी विद्यार्थ्यांचा फार मोठा भाग इंग्रजीच निवडतो.

या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतील वाचन-आकलनाचा विभाग म्हणजे आजच्या चिनी शालेय जीवनाचा एक आरसाच होय. बहुतेक प्रांतांत वापरल्या जाणाऱ्या नव्या धर्तीच्या प्रश्नपत्रिकेत या विभागाला ५० गुण आहेत. चार उतारे, त्यांवर पंधरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि प्रत्येक बरोबर उत्तराला अडीच गुण. पाचव्या उताऱ्यातून पाच वाक्ये काढून घेतलेली असतात. दिलेल्या सात वाक्यांतून योग्य ती पाच निवडून जागच्या जागी बसवायची. दोन तासांच्या प्रश्नपत्रिकेचा एक-तृतीयांश भाग अशा रीतीने केवळ वाचनाच्या वाट्याला येतो. वाचनाला एवढे महत्त्व देणारी परीक्षा वरकरणी तरी स्वागतार्हच वाटेल. प्रश्न असा की, या ५० गुणांसाठी तीन वर्षे जे घोटून घेतले जाते, त्याला वाचन म्हणता येईल काय?

या सरावाचे स्वरूप पाहिले म्हणजे शंका बळावते. रोज वेळ लावून ठरावीक उतारे सोडवायचे, उत्तरे ताडून पाहायची, चुकांची वही ठेवायची, हा तेथील विद्यार्थ्याचा नित्यक्रम. ‘पाच वर्षांच्या परीक्षा, तीन वर्षांचा सराव’ अशा अर्थाच्या नावाचा जाडजूड प्रश्नसंच देशभर दप्तरादप्तरांतून आढळतो. पाठ्यक्रमाने अपेक्षिलेले सुमारे तीन हजार इंग्रजी शब्द पाठ करायचे आणि त्यानंतर युक्त्या शिकायच्या. उतारा वाचण्यापूर्वी प्रश्न वाचावेत. उताऱ्यातील शब्द जसेच्या तसे उचलणाऱ्या पर्यायाकडे संशयाने पाहावे. तीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगणारा पर्याय बहुधा बरोबर असतो. ‘सर्वच’, ‘कधीही नाही’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय आधी खोडावा. शीर्षक विचारले असेल, तर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पाहावे. मार्गदर्शकांच्या आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या सहवासात वाढलेल्या मराठी वाचकाला ही विद्या अगदीच अपरिचित वाटणार नाही.

या युक्त्या निरुपयोगी आहेत, असे मात्र नव्हे. किंबहुना त्या उपयोगी आहेत, हीच खरी अडचण आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले होते. त्याचा आशय असा की, एखादे मोजमाप हेच उद्दिष्ट बनले, की ते मोजमाप म्हणून निकामी होते. परीक्षेतील उतारा हे आकलनशक्ती मोजण्याचे साधन होते. विद्यार्थ्याचे सारे आयुष्य त्यावर टांगले गेल्याबरोबर उतारा सोडवण्याची स्वतंत्र कला जन्माला आली आणि आकलन मागे राहिले. इंग्रजी वाचता येते, परंतु बोलताना तोंड उघडत नाही, अशा शिक्षणाला चिनी लोक स्वतःच ‘मुके इंग्रजी’ म्हणतात.

इतिहासाचे ओझे

आजची ही परीक्षानिष्ठा समजून घ्यावयाची तर अर्धशतक मागे जावे लागेल. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमधील महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा बंद पडली होती. राजकीय निष्ठा आणि वरिष्ठांची शिफारस यांवर प्रवेश मिळत असे. १९७३ साली हेनान प्रांतातील एका ग्रामीण शाळेत एका मुलीने इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेवर, आपण चिनी असताना परकी भाषा कशाला शिकावी, अशा अर्थाच्या चार ओळी लिहून ठेवल्या. शाळेने तिला सर्वांसमक्ष धारेवर धरले. तिने जीव दिला. पुढील वर्षी राज्यकर्त्यांतील जहाल गटाने हे प्रकरण देशभर गाजवले आणि तिच्या शिक्षकांना तुरुंगाची वाट दाखवली. परकीय भाषेचा अभ्यास आणि शिस्तीचा आग्रह या दोहोंवर त्या काळी प्रतिक्रांतीचा शिक्का बसू शकत होता. पहिला बळी त्या मुलीचा पडला आणि दुसरा अध्यापनाचा.

या पार्श्वभूमीवर डेंग श्याओपिंग यांच्या पुढाकाराने १९७७ च्या हिवाळ्यात प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली. दहा वर्षे खोळंबलेले सुमारे ५७ लाख तरुण परीक्षेला बसले. प्रवेश मिळाला अवघ्या २ लाख ७० हजारांच्या आसपास. आरंभी परकीय भाषेचे गुण नाममात्र धरले जात. ते प्रमाण वर्षावर्षाने वाढत गेले आणि १९८३ पासून पूर्ण गुण मोजले जाऊ लागले. देशाची दारे उघडत होती, परदेशी भांडवल आणि यंत्रे येत होती. त्यांच्याबरोबर येणारी भाषा जाणणारी माणसे हवी होती. २००१ मध्ये प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचा निर्णय झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेचा सदस्य झाला. हा योगायोग निव्वळ तारखांचा नव्हता. चिनी जनतेच्या लेखी परीक्षा म्हणजे शिफारशीच्या राज्यातून झालेली सुटका होती. म्हणूनच या परीक्षेच्या दोषांवर टीका करणारेही ती रद्द करा, असे सहसा म्हणत नाहीत.

अडीच गुणांचे मोल

परंतु १९७७ ची स्पर्धा आणि आजची स्पर्धा यांत एक मूलभूत फरक आहे. तेव्हा प्रश्न प्रवेश मिळतो की नाही, हा होता. आज उच्च शिक्षणातील स्थूल पटनोंदणीचे प्रमाण ६० टक्क्यांच्या वर गेले आहे. कोठे तरी प्रवेश मिळणे तितकेसे दुर्घट राहिलेले नाही. आजची झुंज आहे ती कोणत्या संस्थेत प्रवेश मिळतो, यासाठी. सरकारने विशेष अनुदान देऊन वाढवलेली ३९ विद्यापीठे देशात अग्रगण्य मानली जातात आणि चांगल्या नोकऱ्यांची वाट बहुधा त्यांच्या दारावरून जाते. या जागांची वाटणी प्रांतवार होते. २०२४ साली एकट्या हेनान प्रांतात १३ लाखांहून अधिक परीक्षार्थी होते. अशा प्रांतात एका गुणाच्या अंतरात शेकडो विद्यार्थी उभे असतात. मग वाचनाच्या एका प्रश्नाच्या अडीच गुणांचे मोल काय, हे वेगळे सांगावयास नको.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये अशा स्पर्धेचे मर्म दाखवून दिले होते. गर्दीत एकजण टाचा उंचावून उभा राहिला तर त्याला अधिक दिसते. सगळेच उभे राहिले तर कोणालाच अधिक दिसत नाही, पाय मात्र सर्वांचे दुखतात. रोज दोन उतारे सोडवणाऱ्याच्या पुढे जाण्यासाठी दुसरा चार सोडवतो, तिसरा सहा. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा, पण सर्वांची मिळून होणारी बेरीज जवळजवळ शून्य. उतारे वाढले, जागा तेवढ्याच राहिल्या.

गुणांचे हे चलन किती नाजूक आहे, हे २०१८ साली झेजियांग प्रांतात दिसून आले. तेथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा घेऊन त्यांतील चांगले गुण धरण्याची सुधारणा अमलात आली होती. हेतू असा की, एका दिवसावर सारे भवितव्य अवलंबून राहू नये. त्या वर्षी नोव्हेंबरची प्रश्नपत्रिका कठीण निघाली. अधिकाऱ्यांनी वाचन आणि भाषाप्रयोग या विभागांतील काही प्रश्नांच्या गुणांचे वजन परीक्षेनंतर बदलले. परिणामी, उत्तरे सारखीच बरोबर येऊनही कोणते प्रश्न बरोबर आले, यावर गुण कमीजास्त झाले. पालक खवळले. प्रांतिक सरकारला चौकशी करावी लागली आणि डिसेंबरच्या आरंभी हा बदल रद्द करून मूळचे गुण परत देण्यात आले. जेथे नागरिकाला सरकारी निर्णयाविरुद्ध आवाज उठवण्याची संधी क्वचितच मिळते, तेथे वाचनाच्या प्रश्नांच्या वजनावरून सरकारला माघार घ्यावी लागली, ही घटना पुष्कळ काही सांगून जाते.

इंग्रजी कमी केल्याने काय साधेल?

अलीकडे या साऱ्या व्याधीवर एक सोपा उपाय सुचवला जातो : इंग्रजीचे महत्त्वच कमी करावे. २०१३ मध्ये बीजिंगने इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणण्याचा आणि चिनी भाषेचे १८० करण्याचा प्रस्ताव मांडला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही. २०२१ मध्ये शांघायने प्राथमिक शाळांच्या सत्रअखेरीच्या परीक्षांतून इंग्रजी वगळले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने नववीपर्यंतच्या मुख्य विषयांच्या खासगी शिकवण्यांतून नफा कमावण्यावर बंदी घातली. त्या धक्क्याने इंग्रजी शिकवण्यांच्या धंद्यातील एका नामांकित कंपनीला सुमारे ६० हजार कर्मचारी कमी करावे लागले. तिच्या शिक्षकांनी पुढे दूरदृश्य बाजारात तांदूळ आणि मांस विकता विकता इंग्रजी शब्द शिकवले. २०२२ च्या नव्या पाठ्यक्रमात शालेय तासांपैकी परकीय भाषेला ६ ते ८ टक्के, तर चिनी भाषेला २० ते २२ टक्के वाटा ठेवण्यात आला.

मातृभाषेला अग्रस्थान मिळावे, याविषयी वाद होण्याचे कारण नाही. परंतु केवळ तास आणि परीक्षा कमी केल्याने विषमता कमी होईल, हा समज मात्र भ्रामक आहे. शांघाय किंवा शेंझेनमधील सुखवस्तू कुटुंबाला इंग्रजीसाठी शाळेची गरज फारशी उरलेली नाही. घरगुती शिक्षक, परदेशी सहली आणि अखेरीस परदेशातील विद्यापीठ हे मार्ग त्याला मोकळे आहेत. मागणी कायम असताना पुरवठ्यावर बंदी घातली, की वस्तू नाहीशी होत नाही, महाग होते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा येथेही लागू पडतो. याउलट कान्सू किंवा क्वेचौ प्रांतातील तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाचा इंग्रजीशी जो काही संबंध येतो तो शाळेच्या फळ्यामुळे आणि परीक्षेच्या धाकामुळे. ते गुण कमी झाले की त्या शाळेतील इंग्रजीचा चांगला शिक्षकही हळूहळू दुर्लभ होईल. रोगावरचे औषध अशा रीतीने नेमके अशक्त रोग्यालाच मारक ठरण्याचा धोका आहे.

प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलून सरावाचे यांत्रिक रूप मोडावे, हाही प्रयत्न झाला आहे. अर्धवट गोष्ट वाचून ती सुमारे १५० शब्दांत पुरी करण्याचा २५ गुणांचा प्रश्न २०१६ पासून झेजियांगमध्ये आणि पुढे अन्यत्र आला. कल्पना उत्तम होती. परंतु थोड्याच अवधीत डोळ्यांतील अश्रू, धडधडणारे हृदय आणि मावळता सूर्य यांची तयार इंग्रजी वाक्ये पाठ करवून घेण्याची पद्धत पडली. प्रश्न बदलला, तरी जोवर पणाला लागलेली वस्तू तीच आहे तोवर घोकंपट्टी नवा वेष घेऊन परत येणार.

पूर्ण पुस्तकाची वाण

मग मार्ग कोणता? पहिली गोष्ट ही की, दोष उताऱ्यांचा नाही. विज्ञान, पर्यावरण, प्रवास, माणसांच्या लहानमोठ्या धडपडी अशा विषयांवरचे हे उतारे पुष्कळदा पाश्चात्य वृत्तपत्रे व नियतकालिके यांतील मजकुरावरून बेतलेले असतात आणि वाचनीयही असतात. विसंगती आहे ती निराळीच. ज्या इंग्रजी मजकुराचे तुकडे समजून घेण्याची परीक्षा होते, तो अखंड रूपात मिळण्याच्या वाटा अरुंद आहेत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संकेतस्थळ चीनमध्ये २०१२ पासून रोखलेले आहे. तालुक्याच्या शाळेत तर प्रश्न बंदीचाही नाही. तेथे सोप्या इंग्रजीतील गोष्टीच्या पुस्तकांची वाण असते आणि ती वाचण्यासाठी वेळापत्रकात जागा नसते. शेकडो उतारे सोडवलेला, पण एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न वाचलेला विद्यार्थी या व्यवस्थेत विरळा नाही.

ग्रामीण शाळांना पुस्तके आणि चांगले शिक्षक देणे, अग्रगण्य विद्यापीठांतील जागांची प्रांतवार वाटणी अधिक न्याय्य करणे आणि मधल्या दर्जाच्या संस्था खरोखर चांगल्या करून शिखरावरील गर्दी हटवणे, हे उपाय गुण कमी करण्याइतके स्वस्त नाहीत. पण एका अडीच गुणांच्या प्रश्नावर सारा जन्म तोलला जाऊ नये, असे वाटत असेल तर प्रश्नपत्रिकेपेक्षा त्या तराजूकडे आधी पाहावे लागेल. १९७३ मध्ये चिनी मुलाला परकी भाषा कशासाठी, असे त्या मुलीने विचारले होते. तेव्हा तिला शिक्षा मिळाली आणि नंतर तिच्या नावाने राजकारण झाले. उत्तर कोणीच दिले नाही. आज लक्षावधी विद्यार्थ्यांना ‘गुणांसाठी’ एवढेच उत्तर मिळते. जगाशी स्वतःच्या डोळ्यांनी ओळख करून घेण्यासाठी, असे उत्तर ज्या दिवशी त्यांना देता येईल, त्या दिवशी त्या ५० गुणांना खऱ्या अर्थाने वाचनाचे गुण म्हणता येईल.