दुसऱ्या गाण्याची धास्ती अन् विकतचे व्ह्यूज

मंडळी, 2024 ला जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं आणि आपल्या वणी-दिंडोरीच्या हळदीपासून थेट परदेशातल्या रील्सपर्यंत वाजलं. तेव्हा बरेच जण म्हणाले, "एकदा मटका लागला, पुढं काय?" 2025 ला 'शेकी' आलं, तेही वाजलं. तोंडं बंद झाली. आपल्या बोलीचा, आपल्या भागातला पोरगा, मला तर लई अभिमान वाटला.

पण पहिलं गाणं गाजलं की दुसऱ्याची धास्ती बसते, हे खरंच आहे. 1998 ला मिलिंद इंगळे-सौमित्रचा 'गारवा' आला, नंतर 'सांज गारवा'. तेव्हा अल्बम चालला का, ते कॅसेटवाल्याला विचारायचं. आता आकडा सगळ्या जगासमोर, तोही तासातासाला. गाणं ऐकायच्या आधी आपण विचारतो, "व्ह्यूज किती?"

इथंच घोळ होतो. जुलै 2019 ला बादशाहच्या 'पागल'ला 24 तासांत साडेसात कोटी व्ह्यूज पडल्याचं जाहीर झालं. जागतिक विक्रम! पण त्यात जाहिरातीतून आलेले व्ह्यूज होते. यूट्यूबने विक्रम मानला नाही. सप्टेंबरात नियमच बदलला: जाहिरातीचे व्ह्यूज म्युझिक चार्टमध्ये धरायचे नाहीत.

एवढ्या मोठ्या गायकाचं हे, तर आपल्या पोरांचं काय? आपल्याकडं देवीची गाणी, हळदीची गाणी करणारी गुणी पोरं आहेत. पहिलं गाणं थोडं चाललं की दुसऱ्याला कर्ज काढून व्ह्यूजचं पॅकेज घेतात. ढोलकीवाल्याला मात्र "पुढच्या वेळी बघू". गाणं लिहिणाऱ्याचं तर नावसुद्धा खाली टाकत नाहीत. लाखाचा आकडा दिसतो, आणि पुढच्या लग्नसराईत ते गाणं कोणाला आठवत नाही.

माझं स्पष्ट मत आहे: विकतच्या आकड्यावर घालायचे पैसे लिहिणाऱ्याला, वाजवणाऱ्याला द्या. कोणाचा वाटा किती, ते आधी कागदावर घ्या. गाण्यात दम असला तर सप्तशृंगीच्या यात्रेत कोणी न सांगता ते वाजेल. आपला खरा चार्ट तोच.

आणि आपण ऐकणाऱ्यांनीही एक करू. गावातल्या पोराचं नवं गाणं आलं की आकडा नंतर बघू, आधी शेवटपर्यंत ऐकू.

पटतंय का? खाली लिहा. पटत नसेल तरी लिहा.