पहिला क्रॉसबो आणि चाळीस वार

दिवाळी अंकातल्या सदराचा विषय दिवाळीचा, निदान घरगुती तरी असावा, असा एक संकेत आहे. तो मोडून आम्ही यंदा शिकारीच्या हत्याराविषयी लिहायला बसलो आहोत, याला कारण आमचा अमेरिकेतला भाचा. ओहायो राज्यात नोकरीला असलेला हा गृहस्थ शेजाऱ्याबरोबर दोन हंगाम रानात हिंडला, तिथल्या शिकारशिक्षणाच्या वर्गात बसून परीक्षा उतरला, आणि मग त्याने आम्हाला विचारले, "मामा, पहिला क्रॉसबो कोणता घेऊ?" मराठीच्या अध्यापकाला हे विचारणे म्हणजे वैयाकरणाला विहिरीची जागा विचारण्यापैकी आहे. पण प्रश्न निवडीचा होता, आणि भाच्याला निवडीबाबत सल्ला देण्याचा मोह आजवर कोणत्या मामाला आवरला आहे? आम्ही महिनाभर वाचले, कागदावर गणिते मांडली, आणि त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. हल्ली आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे तिकडे आहेत. कुणाच्या घरी हाच प्रश्न उद्या येणार नाही असे नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातल्या जनावरांच्या शिकारीला बंदी आहे, आणि ती असावी असेच आमचे मत आहे. ब्रिटनमध्येही १९८१ च्या कायद्याने धनुष्याने किंवा क्रॉसबोने वन्य प्राणी मारता येत नाही. अमेरिकेची कथा निराळी. ओहायोत विसाव्या शतकाच्या आरंभी हरीण जवळजवळ नाहीसे झाले होते. पुढे ते संरक्षणामुळे वाढले, आणि त्याला खाणारे लांडगे व डोंगरी सिंह मात्र त्या भागात परतले नाहीत. तेव्हा तिथे किती हरणे मारू द्यायची हे सरकार ठरवते, आणि शिकाऱ्यांच्या परवान्यांचा पैसा वन्यजीवांच्या कामी येतो. शिकारीच्या साहित्यावरचा कर याच कामी लावणारा तिथला कायदा १९३७ चा आहे. हा व्यवहार ज्यांना पटत नाही त्यांच्याशी आम्ही वाद घालणार नाही. आमच्या घरातही सौभाग्यवतींना तो पटलेला नाही. पण जो जाणारच आहे त्याने नीट जावे, एवढ्यावर आमच्या घरात एकमत झाले.

आता क्रॉसबो म्हणजे काय ते पाहू. बंदुकीसारखा दस्ता, त्याच्या पुढच्या टोकाला आडवे बसवलेले धनुष्य, दोरी ताणून अडकवायची खाच, वर बाणासाठी पन्हळ आणि खाली चाप. 'चाप' या शब्दाची इथे मोठी मौज आहे. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. मराठीत मात्र बंदुकीचा ओढायचा खटका. हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत नांदावेत ते क्रॉसबोतच.

हे हत्यार आजचे नव्हे. चीनमध्ये शीआनजवळ १९७४ साली पहिल्या सम्राटाची मातीची सेना सापडली, तिच्यासोबत क्रॉसबोचे काशाचे चापही सापडले. म्हणजे वय बावीसशे वर्षांच्या घरात. युरोपात ११३९ साली पोपच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध धनुर्धर आणि क्रॉसबोवाले वापरण्यास मनाई केली. ती कुणी फारशी मानली नाही. ११९९ साली इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड फ्रान्समधल्या एका गढीपुढे क्रॉसबोच्याच बाणाने जखमी होऊन मेला. साध्या धनुष्यावर हात बसायला वर्षे लागत. क्रॉसबो मात्र नवशिक्यालाही थोड्या दिवसांत चालवता येई. त्याचा दरारा होता तो या सोपेपणामुळे.

आणि आजच्या खरेदीदाराची अडचणही याच सोपेपणात आहे. साधे धनुष्य माणसाला स्वत:च अडवते. दंड थरथरतो, बाण भलतीकडे जातो, आणि आपली पोच वीस पावलांची आहे हे दुसऱ्या कुणी सांगावे लागत नाही. क्रॉसबो असे काही सांगत नाही. दोरी खाचेत अडकली की ताण यंत्र सांभाळते, दुर्बिणीतून नेम धरता येतो, आणि पहिल्याच संध्याकाळी नवशिक्याचे बाण तीस वारांवर बशीएवढ्या जागेत जाऊन बसतात. मग त्याला वाटते, तीस जमले तर साठ का नाही? दुकानदारालाही तेच वाटत असते, कारण साठ वारांचे हत्यार तीस वारांच्या हत्यारापेक्षा महाग असते. हे आकडे तिथे साधारण तीन-चारशे डॉलरांपासून दोन हजारांच्या पुढेपर्यंत जातात, आणि जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा असतो तो वेगाचा: सेकंदाला साडेतीनशे फूट, चारशे, साडेचारशे!

या वेगाचे गणित आम्ही कागदावर मांडून पाहिले. वार म्हणजे यार्ड. चाळीस वार म्हणजे साडेचार नऊवारी लुगडी टोकाला टोक जोडून पसरावी एवढे, म्हणजे एकशेवीस फूट. साडेतीनशे फूट वेगाच्या बाणाला हे अंतर तोडायला सुमारे ०.३४ सेकंद लागतात. आता दोरीचा जो फटका वाजतो तो आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट धावतो; तो ०.११ सेकंदात हरणाच्या कानी पोचतो. म्हणजे बाणाची वर्दी बाणाच्या आधी ०.२३ सेकंद गेली. सावध असलेले हरीण दचकले की पळण्यापूर्वी पाय मुडपून खाली दबते. जिथे हृदय होते तिथे आता पाठ असते.

यावर दुकानदार म्हणेल, वेगवान घ्या. घेऊ. साडेचारशे फुटांचा बाण चाळीस वार ०.२७ सेकंदात जातो. वर्दी आणि बाण यांत ०.१६ सेकंदांचे अंतर उरतेच. आता तोच जुना, साडेतीनशे फुटांचा स्वस्त क्रॉसबो घेऊन वीस वारांवर या. बाणाला ०.१७, आवाजाला ०.०५, अंतर अवघे ०.१२. म्हणजे वीस पावले जवळ येण्याने जे मिळते ते सेकंदाला शंभर फूट विकत घेऊनही मिळत नाही. शिवाय चाळीस वार जाईपर्यंत हा बाण सरळ रेषेपासून जवळजवळ दोन फूट खाली येतो. दुर्बिणीतल्या खुणा ते सांभाळून घेतात, पण अंतराचा अंदाज बरोबर असेल तरच. चाळीसच्या जागी पंचेचाळीस वार निघाले तर बाण तीन-चार इंच खाली लागतो, आणि हरणाची हृदय-फुप्फुसांची जागा सारी मिळून साधारण एक वीत असते.

या वितीचे महत्त्व समजले की बाकीची निवड सोपी होते. बाण गोळीसारखा धक्क्याने मारीत नाही. तो रक्तस्रावाने मारतो. टोकाची धारदार पाती दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली तर जनावर थोड्याच अंतरावर, थोड्याच वेळात पडते. तीच पाती वीतभर मागे, पोटात लागली तर ते मरते खरे, पण कित्येक तासांनी, कुठल्या तरी झुडपात, आणि पुष्कळदा कुणाला सापडतही नाही. म्हणून जाणते शिकारी जनावर पूर्ण आडवे उभे असेल किंवा किंचित पाठमोरे असेल तेव्हाच चाप ओढतात. समोरून तोंड करून असेल तर वाट पाहतात. बाण लागल्यावरही अर्धा तास जागचे हलत नाहीत, आणि पोटात लागल्याची शंका आली तर आठ-दहा तास माग काढीत नाहीत. कारण पाठलाग केला तर घायाळ जनावर उठून आणखी दूर जाते.

तर मग घ्यायचे काय? आम्ही भाच्याला चार गोष्टी कळवल्या.

पहिली, कायदा. अमेरिकेत दर राज्याचा नियम निराळा. ओहायोत धनुर्धरांच्या हंगामात क्रॉसबो सर्वांना चालतो. कोलोरॅडोत सर्वसाधारण शिकाऱ्याला त्या हंगामात तो चालत नाही, बंदुकीच्या हंगामात चालतो. एल्क नावाच्या सांबराएवढ्या किंवा त्याहून मोठ्या हरणामागे पश्चिमेकडे जायचे स्वप्न असेल, तर आधी तिथली नियमावली वाचावी आणि मग पाकीट उघडावे.

दुसरी, घडण. एका जातीत साधे वळणदार धनुष्य असते. ते रुंद असते, पण त्याची दोरी घरच्या घरी बदलता येते. दुसऱ्या जातीत टोकांना चाके असतात. ते अरुंद आणि जास्त वेगवान, पण दोरी बदलायला बहुधा दुकान गाठावे लागते. झाडावरच्या मचाणात किंवा लहानशा आडोशात बसायचे असेल तर अरुंद बरे. गावापासून दूर, दिवसेंदिवस रानात राहायचे असेल तर साधे बरे. ओहायोतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी दोन्हींत ताकद पुरून उरते.

तिसरी, अंगाला बसणे. दोरीचा ताण दीडशे ते दोनशे पौंडांचा असतो. पावणेदोनशे पौंड म्हणजे जवळजवळ ऐंशी किलो. कप्पीची दोरी वापरली तर हाताला त्याच्या निम्मे ओझे येते. तेही कंबरेला झेपत नसेल तर फिरकीचे हँडल असलेला घ्यावा, त्यात कमीपणा नाही. वजन तीन-साडेतीन किलो असते; दुकानात तो पाच मिनिटे खांद्याला लावून उभे राहावे. पाचव्या मिनिटाला जो डुगडुगतो तो रानात चौथ्या तासाला स्थिर राहणार नाही. चाप गुळगुळीत असावा, अडखळणारा नसावा.

चौथी, बोटे. सुटलेली दोरी पन्हळीवरून ज्या वेगाने जाते त्या वेगाच्या वाटेत अंगठा आला तर तो उरत नाही. म्हणून पुढचा हात धरायच्या जागी आडोसा हवाच. बाण न लावता चाप ओढला तर सारा जोर पात्यांवर उलटतो आणि हत्यार फुटू शकते. हे रोखणारा खटका असलेलाच क्रॉसबो घ्यावा. फार हलका बाणही तसाच घातक, तेव्हा बाणाचे वजन आणि मागची खोबण बनवणाऱ्याने सांगितली असेल तीच ठेवावी. ताणलेला क्रॉसबो हातात घेऊन झाडावर चढू नये. रिकामा वर ओढून घ्यावा. संध्याकाळी परतताना बोथट टोकाचा बाण लक्ष्यात किंवा मऊ मातीत सोडून दोरी मोकळी करावी.

पाचवी गोष्ट आम्ही पत्रात लिहिली नाही, कारण ती त्याने लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे. दशरथ शब्दवेधी होता. आवाजावर बाण मारण्याएवढे हत्यार आणि हात दोन्ही त्याच्याजवळ होते; नव्हते एवढेच की सोडण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घेण्याचा धीर. नदीकाठी घड्यात पाणी भरल्याचा आवाज झाला, त्याला हत्ती वाटला, आणि श्रावण गेला. त्या कथेत धनुष्य कमकुवत असते तर श्रावण वाचलाही असता. ओहायोच्या रानात संध्याकाळी झुडूप हलते तेव्हा पलीकडे हरीण असते, तसाच कुणाचा तरी मुलगाही असू शकतो.

म्हणून आमचा सल्ला थोडक्यात असा. मधल्या किमतीचा, अंगाला बसणारा, साडेतीनशे फुटांच्या आसपासचा क्रॉसबो घ्यावा, आणि वाचलेल्या पैशातून बाण घेऊन उन्हाळाभर सराव करावा: उभे राहून, गुडघ्यावर बसून, मचाणाच्या उंचीवरून, थंडीचे जाड कपडे घालून. दहापैकी दहा बाण जिथवर एका वितीत बसतात ते अंतर मोजावे. लक्ष्य हलत नाही आणि हरीण हलते, म्हणून त्यातून दहा वार वजा करावेत. जो आकडा उरेल तो दस्त्यावर रंगाने लिहून ठेवावा, आणि चाळीसच्या वर तो पहिल्या काही वर्षांत लिहूच नये. त्यापलीकडे कितीही देखणे हरीण उभे राहिले तरी ते पाहावे, आणि रिकाम्या हाती घरी यावे.

भाच्याने तीस लिहिला आहे, असे त्याने कळवले. पहिल्या हंगामात एकही हरीण तीसच्या आत आले नाही, हेही कळवले. आमच्या सौभाग्यवतींना ही बातमी फार आवडली.