उंबरठ्यापर्यंत प्रकाश, पुढे काय?

काचतंतूंच्या तारा आज गोव्यातील कितीतरी गावांत खांबाखांबांवरून गेलेल्या दिसतात. पण उंबरठ्यापर्यंत धावत आलेला संदेश आत शिरताना अडखळतो. चिऱ्याच्या जाड भिंतींमुळे ओसरीवरील पेटीच्या बिनतारी लहरी माजघरात पोचेतो क्षीण होतात आणि मुलांना अभ्यासासाठी सोप्यावर येऊन बसावे लागते. भिंती फोडून तांब्याच्या तारा घालाव्यात, तर खाऱ्या हवेने त्यांची टोके गंजतात आणि मृगाची वीज त्याच वाटेने आत शिरते.

जुन्या घरांपुरता तरी प्लास्टिकच्या प्रकाशतंतूचा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. ही वस्तू नवी नव्हे. १९८३ साली तोशिबा कंपनीने ध्वनियंत्रे जोडण्यासाठी ‘तोसलिंक’ पद्धत आणली, तीत हाच तंतू होता. पुढे तो युरोपातील उंची मोटारगाड्यांत शिरला, आणि २०१७ साली ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संस्थेने त्यावरून एक गिगाबिट वेगाने माहिती नेण्याचे मानकही ठरविले. अ‍ॅक्रिलिकचा हा तंतू सुमारे १ मिलिमीटर जाड असतो. लांब पल्ल्याच्या काचतंतूचा प्रकाशवाही गाभा त्याच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतका. म्हणूनच काच सांधण्यास महागडे यंत्र आणि सराईत हात लागतो, तर प्लास्टिकचा तंतू धारदार पात्याने कापून खोबणीत बसविता येतो. आमच्या गावच्या वायरमनला हे काम सहज जमावे. शिवाय तो वीजवाहक नसल्याने दिव्यांच्या तारा असलेल्या नळीतूनही ओढता येतो. मात्र ते काम परवानाधारकानेच करावे. विजेचा धोका त्यामुळे अजिबात टळतो असे कोणी समजू नये. दोन्ही टोकांची यंत्रे घरच्या वीजजोडणीवरच चालतात. बंद होते ती केवळ एक वाट.

या तंतूच्या मर्यादाही थोड्याथोडक्या नाहीत. काचेतून प्रकाश कित्येक कोस जातो. प्लास्टिकमध्ये दर २० मीटरला तो सुमारे निम्मा होतो, आणि एक गिगाबिटचा वेग ५० मीटरच्या आसपासच टिकतो. तांब्याच्या तारेतून कॅमेऱ्यास संदेशाबरोबर वीजही पुरविता येते, ती सोय येथे नाही. मागणी थोडी असल्याने टोकांची यंत्रेही स्वस्त नाहीत. तेव्हा पणजी-मडगावच्या नव्या बहुमजली इमारतींत हा तंतू घालण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. तेथे काच आणि तांबेच बरे. बिल्डरांनी बांधतानाच प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामी नळी सोडली, तरी पुढची फोडाफोड वाचेल; संगमरवरी फरशीवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च तो काय!

पण फोंतेन्हासमधील किंवा तिसवाडी-फोंड्यातील जुन्या घरांच्या भिंतींना कोणी छिन्नी लावू नये. सार्वजनिक बांधकाम खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी एखाद्या जुन्या कचेरीत हा तंतू घालून पाहावा, आणि चार महिन्यांच्या अनुभवाचे व खर्चाचे आकडे लोकांपुढे ठेवावेत.