‘तडा आढळला नाही’ या नोंदीचा अर्थ

पोलादी पुलाच्या पाहणी अहवालातल्या ‘तडा आढळला नाही’ या नोंदीचे दोन अर्थ होतात: तडा नाही, किंवा तडा दिसला नाही. पुलाच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अहवालाच्या रकान्यात तो उरत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळातल्या कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला आणि राज्यातल्या पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे आदेश निघाले. अशा आदेशांत मुदत ठरते, यादी ठरते. नुसत्या नजरेच्या पाहणीवर भिस्त किती ठेवायची, हे मात्र ठरत नाही.

ते ठरवण्याइतके मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४९ अनुभवी निरीक्षकांना प्रत्यक्ष पुलांवर नेले होते. वेल्डच्या पाहणीत तड्याची खूण बरोबर ओळखली जाण्याचे प्रमाण ३.९ टक्के निघाले. पुढे पर्ड्यू विद्यापीठाच्या चाचण्यांत निम्म्या वेळा सापडणाऱ्या तड्याची लांबी सरासरी सुमारे २५ मिमी, तर दहापैकी नऊ वेळा सापडणाऱ्याची सुमारे १४० मिमी भरली. मेम्फिसजवळ मिसिसिपी नदीवरच्या पुलाचा टाय गर्डर तडकल्याचे ११ मे २०२१ रोजी लक्षात आले. तोच तडा २०१९ च्या ड्रोन चित्रीकरणात स्पष्ट दिसत होता. मधल्या वार्षिक पाहण्यांत तो कुणी टिपला नाही.

वर्धा जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग येथे एकत्र येतात. पुलगावला तर नावच वर्धा नदीवरच्या रेल्वेपुलावरून मिळाले. चंद्रपूर-वणी पट्ट्यातला कोळसा याच मार्गांवरून जातो. कोळसा वॅगनचा धुराभार २०.३२ टनांवरून सुमारे २२.८ टनांवर गेला, तेव्हा वाढ जेमतेम १२ टक्के दिसली. पण फटीगची हानी ताण-पल्ल्याच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रत्येक आवर्तनामागे हानी सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. जुन्या रिव्हेटच्या गर्डरमध्ये तडा निदान एका प्लेटच्या काठाशी थबकतो. फाटके बंद करून उभारलेल्या नव्या उड्डाणपुलांच्या वेल्डेड गर्डरला तो आडकाठी नाही. फ्लँजमधून वेबमध्ये तो सरळ चढतो.

तडा निसटण्याची कारणे क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. गाडी पुलावर नसताना तडा मिटलेला असतो. रंगाचा थर त्याच्यावर पूल बांधतो. स्टिफनरचे टोक, कव्हर प्लेटचा शेवट, क्रॉस गर्डर आणि स्ट्रिंगरचा जोड या नेमक्या अडचणीच्या जागा. तिथे टॉर्च तिरपा धरून, हातभर अंतरावरून पाहिल्याखेरीज रंगावरची तपकिरी रेघही दिसत नाही. नदीपात्रातून दुर्बिणीने पाहून ती दिसणार नाही.

खरी तक्रार नमुना-अर्जाची आहे. रेल्वेच्या अंकपद्धतीत सुस्थितीतल्या भागाला ५ आणि तातडीच्या पुनर्बांधणीच्या भागाला १ मिळतो. मचाण बांधून, वेल्ड घासून दिलेला ५ आणि जमिनीवरून मान वर करून दिलेला ५ कागदावर सारखाच. पाहणी किती अंतरावरून झाली, कोणत्या उजेडात, कोणत्या जोडांपर्यंत हात पोचला नाही, हे विचारणारा रकाना नसेल तर प्रामाणिक निरीक्षकाला आपली मर्यादा लिहायला जागाच राहत नाही. कोऱ्या रकान्याचा जाब त्याला द्यावा लागतो, म्हणून तो ‘निरंक’ लिहितो. मुंबईच्या हिमालय पुलाचे प्रकरण गंजाचे होते, फटीगचे नव्हे; तरी १४ मार्च २०१९ रोजी तो पडला तेव्हा किरकोळ दुरुस्तीपुरता योग्य ठरवणारा ऑडिट अहवाल दप्तरात होताच. वरिष्ठ कार्यालये असे अहवाल मोजतात, वाचत नाहीत, आणि हे आता थांबले पाहिजे.

नवा नमुना येईपर्यंत वाट पाहण्याची गरज नाही. शेऱ्याच्या जागेत ‘अमुक जोड हातभर अंतरावरून पाहिले, तमुक पाहता आले नाहीत’ एवढे लिहिण्यास कुणाची परवानगी लागत नाही. पाहता न आलेल्या जोडांसाठी मचाण मागावे, लेखी मागावे, नकारही लेखी घ्यावा. संशयित रेघेवर डाय पेनिट्रंट वापरावे. तडा ठरला तर त्याच्या टोकाशी खूण आणि तारीख घालावी, म्हणजे पुढच्या पाहणीत वाढ मोजता येईल. आणि रंगकामाचे वेळापत्रक निरीक्षकाने आधी मागून घ्यावे. जुना रंग खरवडून झाल्यावर, प्रायमर लागण्यापूर्वी, धातू कित्येक वर्षांतून एकदाच उघडा असतो. या हंगामात जिल्ह्यात ज्या गर्डरचे रंगकाम निघेल, तिथे त्या दिवशी निरीक्षक हजर हवा. कंत्राटदाराचा प्रायमर एक दिवस लांबला तरी चालेल.