वाटाण्याचं प्रेझेंटेशन

मागच्या शनिवारी कॉलेज रोडवर कॉफी पिता पिता माझ्या मित्राने बॉम्ब टाकला. ‘जॉब सोडतोय.’ सातपूरच्या कंपनीत नऊ वर्षं, होम लोनचे हप्ते चालू, मुलगी सीनियर केजीत. आणि साहेबांना ॲनिमेशन स्टुडिओ काढायचाय. पैसे? ‘पॉलिसीवर लोन काढतो. दादासाहेब फाळक्यांनी तेच केलं होतं ना!’

नाशकात फाळक्यांचं नाव घेतलं की वाद तिथेच संपतो. माणूस त्र्यंबकेश्वरचा, स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. बोलणार काय? पण बॉस, पॉलिसी गहाण टाकण्याआधीचा त्यांचा बायोडेटा कुणी वाचतच नाही. आजचा एचआरवाला पहिल्या पानावरच हात टेकेल.

धुंडिराज गोविंद फाळके, जन्म ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे शास्त्री. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा मांडला, तर प्लेगमध्ये बायको आणि मूल दोन्ही गेलं. पुढे नाटकाचे पडदे रंगवले. जादू शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ नावाने (फाळके उलटं वाचा!) प्रयोगही केले. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली, ती सोडली. छापखाना काढला, रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनी गाठली, आणि जम बसतोय तोच भागीदारांशी बिनसलं. बाहेर पडले ते हात हलवत.

वय चाळीस. म्हणजे आपण ज्या वयात फ्लॅटचं पझेशन मोजतो त्या वयात हा माणूस पुन्हा शून्यावर.

त्याच सुमाराला गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात किडा शिरला: पडद्यावर आपले राम-कृष्ण का नकोत? मग रोज सिनेमे पाहायचे, रात्री जागून प्रयोग करायचे. इतके, की काही काळ डोळ्यांना दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, पॉलिसी गहाण पडल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये साहेब बोटीने लंडनला. तिथे तंत्र शिकून घेतलं, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली.

परत आल्यावर खरी पंचाईत. कॅमेरा आहे, पिक्चरला पैसा नाही. आणि हिंदुस्थानात कधी कुणी न केलेल्या धंद्यात पैसा घालणार कोण? फाळक्यांनी काय करावं? कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं असं महिनाभर चित्रण केलं. पडद्यावर मिनिटभरात बी रुजलं, कोंब आला, वेल सरसर वर चढला. ‘अंकुराची वाढ’. एवढ्यावर फायनान्सर तयार झाला. पॉवरपॉइंटच्या चाळीस स्लाइड्स दाखवून ‘कळवतो’ ऐकणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

पण कर्जाला तारण लागतंच. ते होते सरस्वतीबाईंचे दागिने.

माझ्या मते या कंपनीची दुसरी भागीदार हीच बाई, फक्त कागदावर नाव नव्हतं. तेव्हा कच्ची फिल्म कडेची भोकं न पाडता यायची. ती भोकं अंधारात बसून सरस्वतीबाई पाडायच्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायच्या, उन्हात चादर धरून उभ्या राहायच्या आणि अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करायच्या. त्यांचाच मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या हॉटेलातला साळुंके नावाचा आचारी पकडून आणला. ३ मे १९१३ ला कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि चालला.

त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी दोन्ही नाशकात आणलं. म्हणून सुख लागलं म्हणता? १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले, तिथे राहून पिक्चर काढायची ऑफर आली, ती नाकारली. परततात तो महायुद्ध आणि फायनान्सर गायब. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली, त्यांच्याशीही वाजलं, तेव्हा राजीनामा देऊन काशीला निघून गेले. पुढे परत आले म्हणा, पण भागीदार हा विषय या माणसाला शेवटपर्यंत जमला नाही. घरातली सोडून.

एवढं सगळं ऐकवेपर्यंत दुसरी कॉफी गार झाली होती. मित्र वाटाण्यावर जाम खूश. तसंच काहीतरी छोटं करून दाखवतो म्हणाला.

‘वहिनींना सांगितलंस?’ मी विचारलं.

‘आधी लोन तर सँक्शन होऊ दे,’ असं पुटपुटत त्याने मोबाइल उचलला. घरून दोन मिस्ड कॉल होते.